काचपट्टीवरचा निवाडा : मांजरांच्या स्तनगाठींच्या निदानाचा इतिहास

१/२१
मांजराच्या पोटावरून हात फिरवताना वाटाण्याएवढी कठीण गाठ बोटांना लागते. मांजर खाते आहे, उन्हात लोळते आहे. गाठीचा त्याला काही त्रास दिसत नाही. पशुवैद्याच्या मनात मात्र लगेच एक आकडा येतो. मांजरांच्या स्तनग्रंथींतील अर्बुदांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के कर्करोगाची असतात. कुत्र्यांत हे प्रमाण साधारण निम्मे असते. मग हाती लागलेली गाठ कोणत्या बाजूची? बोटांना ते कळत नाही. ते सांगते काचपट्टीवर चिकटवलेली ऊतीची एक पातळ चकती. त्या चकतीला निवाड्याचा अधिकार कसा मिळाला, हा या लेखाचा विषय आहे.

२/२१
मांजराच्या पोटावर सामान्यतः स्तनग्रंथींच्या चार जोड्या असतात. दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म कोशिका, ते वाहून नेणाऱ्या नलिका आणि त्यांना आधार देणारी तंतुमय ऊती, अशी त्यांची रचना असते. गाठ यांपैकी कोणत्या पेशींपासून उगवली, ती आपल्या जागी थांबली की शेजारच्या ऊतींत घुसली, रक्तवाहिन्यांत वा लसीकावाहिन्यांत शिरली का, हे सारे ऊतिपरीक्षेत पाहतात. आज हे प्रश्न साधे वाटतात. ते विचारता येण्यासाठी मात्र जवळजवळ संपूर्ण एकोणिसावे शतक खर्ची पडले.

३/२१
१८०१ मध्ये पॅरिसचे झाव्हिए बिशा यांनी मानवी शरीराची मांडणी २१ प्रकारच्या ऊतींत केली. आजार अवयवाला होतो असे मानण्याऐवजी तो त्या अवयवातील विशिष्ट ऊतीला होतो, असा विचार त्यातून पुढे आला. गंमत अशी, की बिशा सूक्ष्मदर्शक वापरत नसत. त्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. तो अगदीच अनाठायी नव्हता. तत्कालीन भिंगांतून पाहिलेल्या वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसे आणि त्या झालरीत बारकावे हरवत. १८३० मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी हा दोष बऱ्याच अंशी दूर करण्याची रीत मांडली. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाची साक्ष ग्राह्य धरली जाऊ लागली.

४/२१
आठच वर्षांनी, १८३८ मध्ये, बर्लिनचे योहानेस म्युलर यांचा गाठींच्या सूक्ष्म रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर गाठींची ओळख हाताला लागणारा कठीणपणा, डोळ्यांना दिसणारा रंग आणि रुग्णाला होणारी वेदना यांवरून केली जाई. म्युलर यांनी गाठी कापल्या, भिंगाखाली ठेवल्या आणि कर्करोगाच्या गाठीही पेशींच्याच बनलेल्या असतात, हे दाखवले. वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींनी बनतात हा सिद्धांत त्याच सुमारास मांडला जात होता. त्याचे एक जनक थिओडोर श्वान हे म्युलर यांचेच साहाय्यक होते.

५/२१
म्युलर यांच्या ग्रंथातील एक नोंद या कथेसाठी फार मोलाची आहे. स्त्रियांच्या स्तनात कधीकधी प्रचंड वाढणारी एक गाठ त्यांनी वेगळी काढली. कापल्यावर तिच्या आत पानांसारखे पदर दिसत, म्हणून तिला त्यांनी ग्रीक भाषेतील पानावरून ‘फिलॉइड्स’ हे नाव दिले. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा एवढी ती मोठी असे. तरी म्युलर यांच्या मते ती सौम्य होती. या गाठींपैकी काही मारक निघतात, हे पुढे दिसून आले. परंतु गाठीचे बाह्य रूप आणि तिचा स्वभाव वेगवेगळे असू शकतात, ही शंका स्तनगाठींच्या संदर्भात इथे नोंदली गेली. जवळपास १३५ वर्षांनी मांजरांच्या बाबतीत ती पुन्हा उभी राहणार होती.

६/२१
या पेशी येतात कुठून, याचे म्युलर यांचे उत्तर चुकीचे होते. एखाद्या आकारहीन द्रवातून त्या थिजून तयार होतात, असा त्या काळचा समज होता. तो मोडून काढला त्यांचेच शिष्य रुडॉल्फ फिर्खो यांनी. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हा विचार त्यांनी १८५५ मध्ये मांडला आणि १८५८ च्या बर्लिनमधील व्याख्यानांत त्यावर संपूर्ण विकृतिशास्त्र उभे केले. गाठ ही बाहेरून आलेली वस्तू उरली नाही. ती शरीराच्याच पेशींची वंशावळ ठरली. वंशावळ म्हटले की मूळ पुरुष शोधणे आलेच.

७/२१
तो शोध फिर्खोंना मात्र नीट लागला नाही. कर्करोग संयोजी ऊतीतून उगवतो, असे त्यांचे मत होते. १८६५ मध्ये कार्ल टिअर्श यांनी त्वचेच्या आणि १८६७ मध्ये विल्हेल्म वाल्डायर यांनी इतर अवयवांच्या कर्करोगांचा अभ्यास करून दाखवले, की कार्सिनोमा हा अवयवांच्या अस्तरातील पेशींपासून, म्हणजे उपकलेपासून, निर्माण होतो. मांजराच्या स्तनगाठीच्या अहवालात आज ‘कार्सिनोमा’ हा शब्द उमटतो तेव्हा त्यामागे हा वाद आणि त्याचा निकाल उभा असतो : दुधाच्या नलिकांचे वा कोशिकांचे अस्तर बेबंद झाले आहे.

८/२१
सिद्धांत तयार झाला तरी ऊती तयार नव्हती. शरीरातून काढलेला तुकडा काही तासांत कुजू लागतो, ओलसर असल्याने पातळ कापता येत नाही आणि कापला तरी जवळजवळ पारदर्शक दिसतो. या तीन अडचणींची उत्तरे तीन वेगळ्या दिशांनी आली. कुजण्यावरचे उत्तर सर्वांत उशिरा मिळाले. १८९३ मध्ये फ्रँकफर्टचे फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइडची जंतुनाशक शक्ती तपासत होते. त्या द्रावणाने त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली. ऊती टिकवून ठेवण्यासाठीही ते वापरता येईल, हे त्यांनी ओळखले. आजही मांजराची गाठ शस्त्रक्रियेच्या टेबलावरून थेट फॉर्मॅलिनच्या बरणीत जाते.

९/२१
पातळ कापण्याच्या प्रश्नावर मेण आणि पाते यांनी तोड काढली. १८६६ मध्ये विल्हेल्म हिस यांनी ऊतींचे सलग काप काढणारे यंत्र, म्हणजे मायक्रोटोम, वापरात आणले. १८६९ मध्ये एडविन क्लेब्स यांनी ऊती पॅराफिन मेणात बसवण्याची पद्धत नोंदवली. ऊतीतले पाणी काढून तिथे वितळलेले मेण भरायचे, ते गोठू द्यायचे आणि मग त्या मेणाच्या ठोकळ्याचे काप काढायचे. आज हे काप साधारण तीन ते पाच मायक्रोमीटर जाडीचे असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग कल्पिले तर त्यांपैकी केवळ तीन ते पाच.

१०/२१
पारदर्शकतेवर उपाय होता रंग. मेक्सिकोच्या कांपेचे भागातील एका झाडाचे लाकूड युरोपातील रंगारी कापडासाठी वापरत. त्यातून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन वाल्डायर यांनी १८६३ मध्ये ऊतींवर वापरून पाहिले. १८६५ मध्ये बोमर यांनी त्यात तुरटीची जोड दिली आणि पेशींची केंद्रके निळीजांभळी उठून दिसू लागली. इओसिन हा कारखान्यात बनलेला गुलाबी रंग १८७० च्या दशकात आला. १८७६ मध्ये विसोत्स्की यांनी दोन्हींची जोडी जमवली. केंद्रक निळे, भोवतालचा पेशीद्रव गुलाबी. दीडशे वर्षांनंतरही विकृतिशास्त्राची रोजची भाषा याच दोन रंगांत लिहिली जाते.

११/२१
१८७९ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्ट बेनिए यांनी जिवंत रुग्णाची ऊती काढून तपासण्याला ‘बायोप्सी’ हे नाव दिले. या नव्या परीक्षेची सर्वांत गाजलेली कसोटी आठ वर्षांनी लागली. जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रात गाठ झाली होती. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय होता आणि शस्त्रक्रियेची तयारी सुरू होती. इंग्लंडहून आलेल्या मॉरेल मॅकेन्झी यांनी आधी तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. १८८७ मध्ये ते तुकडे साक्षात फिर्खोंकडे गेले. त्यांना त्यांत कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया टळली.

१२/२१
९ मार्च १८८८ रोजी फ्रेडरिक सम्राट झाले आणि अवघ्या ९९ दिवसांनी, १५ जून रोजी, निवर्तले. शवविच्छेदनात स्वरयंत्राचा कर्करोग स्पष्ट झाला. या घटनेतून राहिलेला धडा सरळ आहे. काचपट्टी तिच्यावर जे आहे तेवढ्याचीच साक्ष देते. जे गाठीतच राहून गेले त्याविषयी ती मूक असते. म्हणूनच मांजरांच्या स्तनगाठीत आज शक्यतो पूर्ण गाठ, बहुधा संपूर्ण स्तनरांग, काढून तपासणीला पाठवतात आणि लहान तुकड्यात कर्करोग दिसला नाही तर तेवढ्यावर निर्धास्त होत नाहीत.

१३/२१
ही सारी विद्या माणसासाठी उभी राहिली. प्राणी आणि मानव यांच्या वैद्यकात फिर्खोंना सीमारेषा मान्य नव्हती. प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या रोगांसाठी ‘झूनोसिस’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. तरीही मांजराची पाळी फार उशिरा आली. पशुवैद्यक शाळांचा प्रारंभ १७६१ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे झाला तो गुरांच्या साथी आणि घोड्यांची निगा यांसाठी. घोडा सैन्याचा, गाय-बैल शेतकऱ्याचे, मांजर उंदरांपुरते. ज्याच्या उपचारावर कोणी पैसा खर्च करत नाही, त्याच्या गाठीचे कापही कोणी काढत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांजर घरातले माणूस झाले, तेव्हा ते पशुवैद्याच्या टेबलावर रुग्ण म्हणून आले.

१४/२१
हा बदल आकड्यांत उतरला तो कॅलिफोर्नियात. १९६३ ते १९६६ या काळात अलमिडा आणि काँट्रा कॉस्टा या दोन परगण्यांत पाळीव प्राण्यांच्या अर्बुदांची पद्धतशीर नोंद झाली. डॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये ती प्रसिद्ध केली. पशुवैद्यांनी पाठवलेल्या ऊतींचे सूक्ष्मदर्शकाखालील निदान हा त्या नोंदीचा पाया होता. एखाद्या भागातील मांजरांना कोणता कर्करोग किती प्रमाणात होतो, हे अनुभवाच्या गप्पांतून बाहेर पडून मोजणीच्या कक्षेत आले. मांजरांच्या अर्बुदांत स्तनगाठींचा क्रम आज रक्तपेशींच्या व त्वचेच्या अर्बुदांनंतर तिसरा मानला जातो.

१५/२१
मोजणीपाठोपाठ नामकरण आले. अॅम्स्टरडॅममधील कर्करोग रुग्णालयाला सूक्ष्मदर्शकाच्या आद्य उपासकाचे, आंतोनी फान लेव्हेनहुक यांचे, नाव आहे. तिथले विम मिस्डोर्प, त्यांचे सहकारी आणि एडिंबराचे केनेथ हेड यांनी १९७२ मध्ये मांजरांच्या मारक स्तनगाठींचे रूप व वर्तन माणसाच्या आणि कुत्र्याच्या गाठींशी ताडून पाहिले. कुत्र्यांत अस्तराच्या पेशींबरोबर कूर्चा वा हाडही असलेल्या मिश्र गाठी विपुल. मांजरांत त्या क्वचित. मांजरांच्या गाठी बहुतेक निखळ कार्सिनोमा असतात आणि वेगाने लसीकाग्रंथींत व फुप्फुसांत पसरतात. रूपाने त्या कुत्र्यापेक्षा स्त्रीच्या स्तनकर्करोगाच्या अधिक जवळ जातात.

१६/२१
१९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात पाळीव प्राण्यांच्या अर्बुदांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध होऊ लागले. त्यातील स्तनगाठींचा भाग हांपे आणि मिस्डोर्प यांनी लिहिला. नलिकाकार, अंकुराकार, घन अशी नावे ठरली. टोकियोतील अहवाल आता युट्रेख्टमध्येही त्याच अर्थाने वाचता येणार होता. कुत्रा आणि मांजर मात्र एकाच तक्त्यात बसवलेले होते. १९९९ मध्ये वॉशिंग्टनहून निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीने हा तक्ता सुधारून घेतला. नाव एक झाल्याने गाठीची ओळख पटली; मांजर किती जगेल हे मात्र त्या नावातून अजून कळत नव्हते.

१७/२१
याच काळात म्युलर यांची जुनी शंका पुन्हा समोर आली. १९७३ मध्ये अॅलन यांनी मांजरांच्या स्तनग्रंथींच्या एका विचित्र वाढीचे वर्णन केले. कोवळ्या वयाची मांजरी, काही आठवड्यांत फुगलेल्या ग्रंथी, कधी आठही. ताणाने फाटलेली, व्रण पडलेली त्वचा. पाहणारा कर्करोगच म्हणेल. काचपट्टीवर मात्र वाढलेल्या नलिका आणि त्यांभोवती सैल तंतुमय ऊती दिसते. आक्रमण कुठेच नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने घडवलेली ही सौम्य वाढ असते. त्या जातीची औषधे दिलेल्या बोक्यांतही ती आढळते. संप्रेरकाचा प्रभाव हटवला की ती ओसरते. ज्या मांजरीचे सारे स्तन कापले गेले असते, तिला इथे सूक्ष्मदर्शकाने वाचवले.

१८/२१
कर्करोग असल्यास तो किती उग्र, हा पुढचा प्रश्न माणसांच्या वैद्यकात आधी सुटला. १९२५ मध्ये बोस्टनचे शल्यविशारद रॉबर्ट ग्रीनो यांनी स्तनकर्करोगाच्या प्रतवारीचा प्रयत्न केला. १९५७ मध्ये ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १,४०९ रुग्णांच्या आधारे तीन लक्षणांना प्रत्येकी एक ते तीन गुण दिले : पेशी नलिकांची रचना किती राखतात, केंद्रके किती विरूप आहेत आणि पेशी किती वेगाने दुभंगत आहेत. १९९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी मोजण्याचे नियम काटेकोर केले. बेरीज तीन ते पाच असल्यास पहिली प्रत, सहा-सात असल्यास दुसरी, आठ-नऊ असल्यास तिसरी.

१९/२१
हीच फूटपट्टी १९९८ मध्ये इटलीतील कास्तान्यारो आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या गाठींना लावली. शस्त्रक्रियेनंतरच्या एका वर्षातील जगण्याशी प्रतीचा संबंध दिसला. इतरत्र मात्र अनुभव एकसारखा आला नाही. अडचण कुठे होती? स्त्रियांसाठी आखलेल्या मर्यादा मांजरांच्या पेशी सहज ओलांडत. दुभंगणाऱ्या पेशी इतक्या असत, की बहुतेक गाठी वरच्याच प्रतीत जमा होत. २०१५ मध्ये कॅनडातील मिल्स आणि सहकाऱ्यांनी ९७ मांजरांच्या गाठी पुन्हा वाचल्या आणि मांजरासाठी वेगळे निकष सुचवले : वाहिन्यांत शिरलेल्या पेशी, विरूप केंद्रके आणि दहा दृष्टिक्षेत्रांत ६२ पेक्षा अधिक दुभंगणाऱ्या पेशी. फूटपट्टी अखेर मांजराच्या मापाने आखली जाऊ लागली.

२०/२१
इतिहासाच्या अभ्यासकाला या टप्प्यात आपले घर दिसेल. हे संशोधन उलट्या दिशेने झाले होते. मांजरांवरच्या शस्त्रक्रिया आधीच होऊन गेल्या होत्या. मेणाचे ठोकळे क्रमांक घालून कपाटांत जपलेले होते. दप्तरखान्यात बांधून ठेवलेला रुमाल पिढ्यांनंतर सोडला, की जुन्या कागदाला नवा प्रश्न विचारता येतो. तसेच इथे झाले. अट एकच : ठोकळ्यासोबत त्या मांजराचे पुढे काय झाले याची नोंद हवी. ती नसेल तर सुंदर रंगवलेली काचपट्टीही तारीख नसलेल्या पत्रासारखी राहते. प्रतीला अर्थ मिळाला तो त्या मांजरांच्या नोंदलेल्या मृत्यूंमुळे.

२१/२१
आज अहवालात गाठीचा प्रकार, प्रत, वाहिन्यांतील शिरकाव, लसीकाग्रंथीची अवस्था आणि कापलेल्या कडांना कर्करोग पोचला की नाही, हे लिहिलेले असते. सोबत आकारही असतो, कारण १९८० च्या दशकातील अभ्यासांनी दाखवले, की दोन सेंटिमीटरहून लहान गाठ असलेली मांजरे बरीच अधिक जगतात आणि तीन सेंटिमीटर ओलांडल्यावर आयुष्य बहुधा महिन्यांत मोजावे लागते. २००५ मध्ये पेन्सिल्वेनिया विद्यापीठातील ओव्हरली आणि सहकाऱ्यांनी असेच निदान झालेल्या ३०८ मांजरांची स्तनगाठींचे निदान न झालेल्या ४०० मांजरांशी तुलना केली : सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी कमी आढळला. ते ३०८ आजारी कोणते, हे ठरवले होते ऊतिपरीक्षेनेच. म्हणून वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, तर ती वाढते का याची वाट पाहू नये. आणि ती काढली, तर बरणीत घालून तपासणीला पाठवल्याशिवाय राहू नये.

(समाप्त)